निम्म्याचा निम्मा

गेल्या रविवारी न्यू जर्सीतल्या एडिसन गावी, लेकीच्या स्वयंपाकघरात, एक लिटर पाण्याने माझी जी शोभा केली, ती अद्याप माझ्या पचनी पडलेली नाही. पुण्याहून मी १५०० वॉटची विजेची किटली आणली होती, तिच्यासाठी चपट्या पिनांचा जोडही घेतला होता, आणि व्याह्यांना पाच मिनिटांत चहा पाजण्याची घोषणा करून बसलो होतो. व्याही निवृत्त विद्युत अभियंता आहेत, याचा त्या उत्साहात मला विसर पडला.

सात मिनिटे झाली तरी किटली हूं की चूं करीना. व्याही शांतपणे उठले आणि बुडावरची पट्टी वाचण्यासाठी त्यांनी ती बैठकीवरून उचलली, त्यामुळे होते तेवढे तापणेही थांबले.

"दोनशे तीस व्होल्ट," ते म्हणाले. "इथे किती असतात?"

"एकशे वीस. म्हणजे वेळ दुप्पट लागेल, इतकेच ना?"

"जवळजवळ चौपट," ते अत्यंत मायेने म्हणाले, आणि ती मायाच मला जास्त लागली. "दाब निम्मा, तारेचा रोध तोच, म्हणून प्रवाहही निम्मा. निम्म्याचा निम्मा पाव! तुमची किटली इथे जेमतेम चारशे वॉटची आहे हो."

एवढ्यावर थांबतील तर ते व्याही कसले? त्यांनी विहीणबाईंना आणि जावयांना हाक मारून तेच गणित पुन्हा सांगितले, आणि दर वेळी दाखल्यासाठी किटली उचलली.

वास्तविक दोष त्या जोडाचा आहे. तो केवळ पिनांचा आकार बदलतो, तरी लोक त्याला सर्रास 'कन्व्हर्टर' म्हणतात. फोनच्या चार्जरवर मुंगीएवढ्या अक्षरांत '१००-२४०' छापलेले असते, म्हणून तो कुठेही निमूट चालतो, आणि त्याच भरवशावर माझ्यासारखा माणूस किटली खुपसतो. शिवाय ज्याच्या नावाचे हे गाव, त्या एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये सुमारे ११० व्होल्टवर दिवे लावले आणि देश त्याच्याच आसपास रेंगाळला, याचा दंड मी व्याह्यांसमोर का भरावा?

"दाब वाढवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो," व्याह्यांनी शेवटी उपाय सुचवला. "फक्त वजनाला किटलीच्या कितीतरी पट असतो."

पाणी अखेर उकळले तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहिले, आणि काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून मात्र "किटली काय म्हणते?" अशी चौकशी ते रोज सकाळी न चुकता करतात, तीही मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत तापवलेले पाणी फुंकत फुंकत पिताना.