पांढरी शी आणि काविळीची माळ

“मुलांच्या काविळीत सोनोग्राफी, एमआरआय म्हणजे निव्वळ लूट. मशीनच्या किरणांनी लिव्हर जळतं. माळ घाला, कावीळ उतरते. गाठ निघालीच तर सुई लावू देऊ नका, पसरते.” वारज्यातल्या माझ्या मावसबहिणीच्या सोसायटी ग्रुपवर हे फिरतंय. तिच्या तीन वर्षांच्या पोराला कावीळ, शी पांढुरकी. डॉक्टरांनी लिहून दिलेली सोनोग्राफी तिने यापायी पुढे ढकलली. नाहीतर असल्या फॉरवर्डला उत्तर द्यायला वेळ कोणाला आहे!

किरणांचं आधी उरकतो. सोनोग्राफीत ध्वनिलहरी, एमआरआयमध्ये चुंबक. क्ष-किरण दोन्हीत नाहीत. सीटी स्कॅनमध्ये असतात, म्हणून मुलांचा सीटी उगाच काढू नये. तेवढं खरं.

आता माळ. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेक मुलांत आपोआप बरी होते, श्रेय माळेला मिळतं. माळ लांबते कारण तिच्या ओल्या काड्या वाळून आकसतात आणि दोऱ्याचे फास सैल होतात. पण शी पांढुरकी, लघवी गडद, अंगाला खाज, म्हणजे पित्त आतड्यात उतरत नाहीये. वाट कशाने अडलीय? खडा असेल, जन्मतःच फुगलेली नलिका असेल, क्वचित रॅब्डोमायोसार्कोमा हा कॅन्सर. फार दुर्मीळ, पण लहान मुलांच्या पित्तनलिकेत कॅन्सर निघालाच तर बहुधा हाच. सुरुवातीला हुबेहूब साधी कावीळ वाटते. सोनोग्राफीत नलिका रुंदावलेली दिसते, पण ती जन्मजात फुगवट्यातही तशीच दिसते आणि तिथेच गफलत होते. एमआरसीपीत, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआयमध्ये, पित्त पांढरंशुभ्र उमटतं, त्यात गाठ द्राक्षाच्या घोसासारखी काळपट उठून दिसते. शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध दिलं की गाठ उजळते, साचलेला गाळ उजळत नाही. गळ्यातल्या माळेला यातलं काय कळणार?

सुईचं म्हणाल तर स्कॅनने संशय येतो, निदान तुकडा तपासूनच होतं. त्याशिवाय केमो कसली देणार? अमेरिकेतल्या १९७२ ते १९९८ दरम्यानच्या पित्तनलिकेत हाच कॅन्सर झालेल्या २५ मुलांचा आढावा २००० साली छापून आला. सुरुवातीला पूर्ण गाठ फक्त सहा जणांची काढता आली होती, तरी पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ६६ टक्के होतं. गाठ इतरत्र पसरली नव्हती त्यांच्यात ७८.

लूट? नको तिथे स्कॅन लिहिणारेही असतील. मग पुण्यातल्या सरकारी ससूनला करा.

तीन वर्षांचं पोर एमआरआयच्या बोगद्यात स्वस्थ पडत नाही, बहुधा भूल द्यावी लागते. ती भीती रास्त आहे. मुलांना भूल देणारे डॉक्टर तिथे आहेत का, ते आधी विचारा. सोनोग्राफीला मात्र भूल लागत नाही. काही तास उपाशी ठेवायचं आणि रडणाऱ्या पोराला धरून बसायचं, एवढंच.