ग्रीनलॉचे टॅकल मोजू नका, त्याचा डावा पाय बघा

अमेरिकन फुटबॉलमध्ये एखाद्या संघानं नवा लाइनबॅकर (पुढच्या फळीच्या मागे उभा राहणारा बचावपटू) घेतला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "टॅकल किती?", म्हणजे चेंडूवाल्याला किती वेळा पाडलं. माझ्या मते हा सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न आहे. डेन्व्हर ब्राँकोजनं मार्च 2025 मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सच्या ड्रे ग्रीनलॉला तीन वर्षांसाठी करारबद्ध केलं, तेव्हाही त्याचे 2022 चे 127 आणि 2023 चे 120 टॅकल पुढे केले गेले. आकडे खरे आहेत. पण त्यांवरून या सहीचं मोल ठरवायला गेलं तर हमखास चुकायला होतं.

याचा पुरावा डेन्व्हरच्याच घरात, त्यांच्या दुसऱ्या लाइनबॅकरमध्ये आहे. अ‍ॅलेक्स सिंगलटननं 2023 मध्ये 177 टॅकल केले. एका हंगामासाठी हा अफाट आकडा आहे. त्याच हंगामात 24 सप्टेंबरला मायामीनं डेन्व्हरवर 70 गुण चढवले आणि 350 यार्ड नुसते धावून काढले. धाव अडवण्यात डेन्व्हर त्या वर्षी अगदी तळाच्या संघांत होता. मग 177 टॅकल आले कुठून? पुढची फळी दर वेळी ढकलली जात होती, चेंडूवाला रांग ओलांडून आत येत होता आणि पाच-सहा यार्डांवर त्याला पकडायचं काम सिंगलटनवर येत होतं. टॅकल त्याच्या नावावर, यार्ड प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात. 2024 मध्ये पुढच्या फळीत माल्कम रोच आणि जॉन फ्रँकलिन-मायर्स आले, डी. जे. जोन्स आणि झॅक अ‍ॅलनला जोड मिळाली आणि तोच संघ धाव रोखण्यात वरच्या रांगेत जाऊन बसला. सिंगलटन मात्र तिसऱ्याच सामन्यात गुडघ्याचा एसीएल (सांधा धरून ठेवणारा अस्थिबंध) फाटून हंगामाबाहेर गेला होता. टँपातला तो सामना त्यानं फाटलेल्या एसीएलवर शेवटपर्यंत खेळून काढला, हे त्याच्या जिगरीला शोभणारंच. पण त्याच्याशिवायही बचाव सुधारला, कारण दुखणं लाइनबॅकरच्या पुढे होतं.

कबड्डी पाहणाऱ्याला हे लगेच कळेल. घोटा धरणाऱ्याच्या नावावर पकड लागते. चढाई करणाऱ्याला त्या कोपऱ्याकडे रेटत नेणारे मधले दोघे कागदावर दिसत नाहीत.

म्हणून टॅकल मोजायचेच असतील तर ते कुठे झाले ते लिहून काढा. लाइनबॅकर चेंडू सुटताना, म्हणजे डाव सुरू होताना, दोन्ही संघ समोरासमोर उभे असतात त्या रांगेपासून साधारण चार-पाच यार्ड मागे उभा असतो. धाव त्याच्या अंगावर आली आणि टॅकल एक-दोन यार्डांत झाला, तर तो पुढे गेला. टॅकल पाच यार्डांच्या पलीकडे झाला, तर तो थांबून राहिला किंवा मागे ढकलला गेला. आक्रमणाच्या फळीत सेंटर आणि गार्ड यांच्यातली फट ए, गार्ड आणि टॅकल (इथे हे खेळाडूच्या जागेचं नाव) यांच्यातली बी, त्याच्या बाहेरची सी. प्रत्येक डावात (चेंडू सुटल्यापासून थांबेपर्यंतचा एक खेळ) लाइनबॅकरला यातली एक फट नेमून दिलेली असते. आपली फट त्यानं वेळेवर बुजवली आणि चेंडूवाल्याला वळून शेजाऱ्याच्या हातात जावं लागलं, तर टॅकल शेजाऱ्याला मिळतो, पण काम यानं केलेलं असतं. सगळे 22 खेळाडू दिसतात त्या चित्रणात, गोलरेषेमागच्या कॅमेऱ्यातून हे नीट दिसतं. टीव्हीवरच्या चित्रात निम्म्या वेळी लाइनबॅकर चौकटीबाहेरच असतो.

डेन्व्हरला काय हवं होतं, हे बफेलोतल्या 31-7 च्या पराभवात उघडं पडलं. 12 जानेवारी 2025. चौथा डाऊन, म्हणजे दहा यार्ड काढायची चौथी आणि शेवटची संधी, एक यार्ड हवा. सगळा बचाव धाव अडवायला पुढे आला आणि बफेलोचा क्वार्टरबॅक (डाव चालवून चेंडू फेकणारा) जॉश अ‍ॅलननं चेंडू 24 यार्ड लांब टाय जॉन्सनच्या हातात टाकला, थेट टचडाऊन. जॉन्सन रनिंग बॅक, म्हणजे मुळात चेंडू घेऊन धावणारा खेळाडू. त्याच हंगामात 63 सॅक करून (फेकायच्या आधीच क्वार्टरबॅकला पाडून) लीगमध्ये पहिला आलेला हा बचाव. कॉर्नरला पॅट्रिक सर्टेन, म्हणजे त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू. एवढं असूनही मैदानाच्या मध्यावर रनिंग बॅक आणि टाइट एंडमागे (रांगेच्या टोकाला उभा राहून चेंडूही झेलणारा) पळेल असा माणूस नव्हता. तेव्हा पळणारा लाइनबॅकर शोधण्याची दिशा अगदी बरोबर होती, आणि तब्येतीचा विचार बाजूला ठेवला तर ग्रीनलॉहून चांगला माणूस त्या बाजारात मला दिसत नव्हता.

त्याची कुवत कळायला एकच डाव पुरेसा आहे. 29 डिसेंबर 2019, सिअ‍ॅटल. सॅन फ्रान्सिस्को 26-21 नं पुढे, सामन्याचे शेवटचे क्षण, चौथा डाऊन. जेकब हॉलिस्टर गोलरेषेच्या तोंडाशी चेंडू झेलतो आणि ग्रीनलॉ त्याला रेषेच्या काही इंच अलीकडे रोखून धरतो. हा डाव हळू गतीनं पाहा. ग्रीनलॉ हातांनी कवटाळत नाही. त्याचं शेवटचं पाऊल हॉलिस्टरच्या अगदी जवळ पडतं, खांदा छातीच्या खाली घुसतो आणि मग पोटरी-मांडी-कंबर असा जोर जमिनीतून वर येतो. तेवढ्यानं समोरच्याची पुढची चाल थांबते. हा ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवख्यांच्या वार्षिक निवडीत, पाचव्या फेरीत, 148 व्या क्रमांकावर निवडलेला नवखा पोरगा होता, आणि त्या एका टॅकलवर फोर्टीनायनर्सना आपल्या गटात पहिलं स्थान मिळालं.

आता मुद्द्याचं. तो सगळा जोर ज्या दोरीतून जातो, तीच तुटली.

11 फेब्रुवारी 2024, लास व्हेगास, सुपर बोल. दुसऱ्या क्वार्टरमध्ये ग्रीनलॉ बाजूच्या रेषेवरून धावत मैदानात शिरत होता. कुणाचा धक्का नाही, टक्कर नाही, आणि डाव्या पायाची अकिलीस शीर, म्हणजे पोटरी टाचेला जोडणारी कंडरा, तुटली. ही शीर बहुतेक वेळा अशीच तुटते: पाय मागे, गुडघा सरळ होत चाललेला, टाच खाली आणि त्याच क्षणी पोटरीनं पूर्ण जोर लावलेला. तुटण्याची नेहमीची जागा टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटीमीटर वर, कारण तिथला रक्तपुरवठा कमी. टाके घालून ती जोडता येते. चालणं, जॉगिंग, सरळ रेषेत पळणं सगळं परत येतं. अडचण वेगळीच राहते. जोडलेली शीर बरी होताना थोडी लांबते, आणि शीर लांबली की पोटरीचा स्नायू चवड्यावर पूर्ण उभं राहायच्या शेवटच्या टप्प्यात ढिला पडतो. एका पायावर उभं राहून टाच वर उचलायची, पंचवीस वेळा, आणि दोन्ही पायांची उंची ताडून पाहायची. फिजिओ हीच साधी चाचणी घेतात. संख्या जुळते, उंची जुळत नाही, असं वर्ष उलटलं तरी दिसतं.

लाइनबॅकरचं पोट याच शेवटच्या टप्प्यावर भरतं. डावा पाय दुखावलेला असेल तर उजवीकडे जाणारं पहिलं पाऊल डाव्या चवड्याच्या रेट्यानंच निघतं. म्हणून ग्रीनलॉ बघताना मी त्याच्या उजव्या बाजूला गेलेले डाव वेगळे काढून पाहायला सांगेन. त्यातही प्ले-अ‍ॅक्शन. क्वार्टरबॅक चेंडू दिल्याचं सोंग करतो, लाइनबॅकर दोन पावलं पुढे येतो, मग त्याला वळून दहा-बारा यार्ड मागे आपल्या जागी पोहोचायचं असतं. चेंडू सुटल्यावर एक सेकंदानं चित्र थांबवा आणि पाय पाहा. निरोगी खेळाडूचा रोवलेला पाय कंबरेच्या बाहेर असतो आणि टाच उचललेली. ज्याचा पायावर भरवसा नाही, तो एका मोठ्या पावलाऐवजी दोन छोटी पावलं टाकून वळतो. या एका जादा पावलात टाइट एंड एक यार्ड मोकळा होतो. दुसरी खूण टॅकलमधली: शेवटचं पाऊल जवळ पडण्याऐवजी लांबून झेप, आणि घोट्याकडे हात. असे डाव पहिल्या सत्रात कमी आणि चौथ्या क्वार्टरमध्ये जास्त दिसले, तर समजावं की पोटरी दमतेय.

ग्रीनलॉ दहा महिन्यांनी, 12 डिसेंबर 2024 ला रॅम्सविरुद्ध परतला. मैदानात होता तोवर आठ टॅकल केले, पळतही झकास होता. पण दुसऱ्या सत्रात बाहेर गेला. पुढच्या सामन्यात मायामीविरुद्ध पोटरीनं त्रास दिला आणि लवकरच बसला. तिथेच त्याचा हंगाम संपला. वेग परत आला होता, टिकाव आला नव्हता, आणि या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. डेन्व्हरला आल्यावर मांडीच्या पुढच्या स्नायूनं डोकं वर काढलं, पहिले सहा सामने गेले, आणि 19 ऑक्टोबर 2025 ला जायंट्सविरुद्ध तो पहिल्यांदा उतरला. डेन्व्हरनं चौथ्या क्वार्टरमध्ये 33 गुण करून 33-32 नं जिंकलेला तो सामना. त्यानंतर पंचांच्या मागे जाऊन वाद घातल्याबद्दल लीगनं एका सामन्याची बंदी घातली, म्हणजे जेमतेम उभी राहिलेली लय पुन्हा तुटली. मांडीचं दुखणं अकिलीसमुळेच झालं, असं बाहेरून ठामपणे म्हणता येणार नाही. पण पोटरी ढिली असली की ब्रेक लावायचं काम गुडघा आणि मांडीवर जातं, हे शरीराचं साधं गणित आहे. म्हणून अशा खेळाडूच्या अहवालात "अकिलीस बरी" एवढं वाचून थांबू नये. पुढचे अठरा महिने पोटरी, मांडी, हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) या तिन्हींवर डोळा ठेवायला हवा.

करार कसा बांधलाय, त्यावरून संघाच्या डॉक्टरांचं मत कळतं. बातमीत मथळा होता 3.5 कोटी डॉलरपर्यंतचा. हमीची रक्कम त्याच्या साधारण एक तृतीयांश. तीन वर्षांच्या करारात हमी एवढीच असेल, तर संघ खरं तर एक वर्षाचा करार करतो आणि पुढची दोन वर्षं आपल्या हातात ठेवतो. दुखापतीचा इतिहास असलेल्यांसाठी दर सामन्यामागे बोनस हाही नेहमीचा मार्ग आहे: त्या दिवशीच्या यादीत नाव असेल तरच पैसे. आदल्या वर्षी तो फार कमी सामने खेळला असेल, तर त्यातला बराच भाग चालू वर्षाच्या कॅपमध्ये (संघाच्या पगारखर्चाची मर्यादा) धरलाही जात नाही. माझ्या मते डेन्व्हरनं पैशाच्या बाजूनं डोकं शांत ठेवलं. त्याच वेळी सॅन फ्रान्सिस्कोतूनच सेफ्टी (सगळ्यात मागे उभा राहणारा बचावपटू) तलनोआ हुफांगालाही घेतलं, ज्याचा एसीएल नोव्हेंबर 2023 मध्ये फाटला होता आणि 2024 मध्ये मनगटानं दगा दिला होता. एकेकटा सौदा पटतो. पण एसीएलमधून परतणारा सिंगलटन, अकिलीसमधून परतणारा ग्रीनलॉ आणि त्यांच्या मागे हुफांगा, असा मैदानाचा सगळा मध्य शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उठलेल्यांच्या भरवशावर ठेवणं, हे मला खटकलं आणि अजून खटकतं.

फोर्टीनायनर्सनी 2024 मध्ये ग्रीनलॉची जागा भरायला डिव्हाँड्रे कॅम्पबेलला घेतलं होतं. 2021 चा ऑल-प्रो (लीगच्या सर्वोत्तम संघात निवडलेला), त्या वर्षी 146 टॅकल. पुन्हा तोच जुना आकडा. मधल्या काळात घोटा आणि मान दोन्ही दुखावलेले, वय एकतिशीत. आणि ज्या रात्री ग्रीनलॉ परतला आणि पुन्हा बाहेर गेला, त्याच रात्री कॅम्पबेलनं आत जायला नकार दिला. संघानं त्याला उरलेल्या हंगामासाठी निलंबित केलं. लोकांना नकार लक्षात राहिला. माझ्या लेखी मोठी चूक आधीची होती: जखमी माणसाच्या जागी उतरत्या चालीचा माणूस आणि दोघांच्या खाली तिसरा तयार नाही.

डेन्व्हरची पुण्याई म्हणजे जस्टिन स्टर्नाड. 2024 मध्ये सिंगलटन गेल्यावर तो आत आला, 2025 मध्ये ग्रीनलॉ नसताना पुन्हा तोच. बचावात एकाच खेळाडूच्या हेल्मेटवर हिरवा ठिपका असतो, म्हणजे आत रेडिओ. बचाव-प्रशिक्षक व्हान्स जोसेफचा आवाज त्याला प्ले-क्लॉकवर 15 सेकंद उरेपर्यंत ऐकू येतो, मग बंद. तो ठिपकेवाला दुखावला की नुसता एक टॅकलर कमी होत नाही. फळी कुणी फिरवायची, कव्हर कुणी बदलायचं, हे सांगणारा तोंडाचा माणूस जातो. म्हणून ग्रीनलॉकडे ठिपका न देणं शहाणपणाचं होतं. ज्याची हजेरी खात्रीची नाही, त्याच्यावर संघाची जीभ ठेवू नये.

आठवड्याचा दुखापत अहवाल वाचताना शुक्रवारपेक्षा बुधवार ते शुक्रवारची चढती-उतरती भाजणी पाहा. बुधवारी विश्रांती, गुरुवारी मर्यादित, शुक्रवारी पूर्ण: बहुतेक वेळा खेळतो. बुधवारी पूर्ण आणि गुरुवारी अचानक मर्यादित: सरावात काहीतरी ओढलं गेलंय, आणि ओढलेलं हॅमस्ट्रिंग किंवा पोटरी असेल तर रविवारी यादीत नाव असूनही तो वीस डावांत बाहेर येण्याची शक्यता धरावी. आयआरवर (जखमींच्या राखीव यादीत) गेला तर किमान चार सामने बाहेर, सराव सुरू केल्यापासून 21 दिवसांत त्याला यादीत घ्यावंच लागतं, आणि अशा परत आणायच्या जागा हंगामात मोजक्या असतात. पोटरीचं दुखणं तीन आठवड्यांचं असलं, तरी संघ चारचा आयआर टाळून त्याला दर रविवारी नुसता बसवून ठेवतो, आणि संघाच्या 53 जणांतली एक जागा अडकून पडते. ग्रीनलॉसारख्या खेळाडूच्या बाबतीत मला हा लोभ चुकीचा वाटतो. आयआरवर टाका, पाचवा आठवडाही द्या.

त्याला कसं वापरावं, यावर माझं मत पक्कं आहे. सामन्याला साठ-पासष्ट बचावाचे डाव होतात. त्यातले पस्तीस-चाळीसच त्याला द्यावेत. पहिला डाऊन, समोर दोन टाइट एंड, सरळ आत घुसणारी धाव, हे सिंगलटन आणि स्टर्नाडचं काम. दुसरा डाऊन, सात-आठ यार्ड हवेत, रनिंग बॅक बाजूला सरकून उभा आहे आणि चेंडू त्याच्या उजवीकडे यायची शक्यता आहे, तिथे ग्रीनलॉ आत हवा. आणि तो आत असेल तेव्हा चेंडू सुटायच्या आधी सगळं सोडून त्याच्या डाव्या टाचेकडे बघा.