"युरिया वाढवला, माल वाढला" यातलं न बोललेलं वाक्य

आज सकाळी मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यासमोर ऐकलेलं बोलणं अजून डोक्यातून जात नाहीये. शिरूरकडचे एक शेतकरी सांगत होते, "परवाच्या साली एकरी दोन बॅगा युरिया टाकला. गेल्या साली तीन टाकल्या, तर पंचवीस क्विंटल माल जास्त निघाला. यंदा चार टाकल्यात." शेजारचा माणूस, बोलण्यावरून चांगला शिकलेला, म्हणाला, "बरोबर आहे दादा, आकडेच बोलतायत."

राग आला तो त्या मान डोलावण्याचा. कारण पुढच्या दोन मिनिटांत तेच दादा सांगून गेले, की परवाच्या साली रोपांना मर (रोपं कोलमडून मरण्याचा रोग) लागली होती, दुसरं रोप टाकून लागवड व्हायला जानेवारी संपला. गेल्या साली लागवड डिसेंबरातच उरकली. शिवाय चार ट्रॉल्या शेणखत पडलं होतं. हे सगळं ऐकूनही त्या शिकलेल्या माणसाला काही खटकलं नाही!

रब्बी कांद्यानं गाठ कधी धरायची हे दिवसाची लांबी आणि उष्णता ठरवतात. रोप लहान असो की मोठं, वेळ आली की गाठ पोसायला लागते. उशिरा लावलेल्या रोपाला तोवर पातच कमी असते, म्हणून कांदा बारीक राहतो. ते पंचवीस क्विंटल नुसत्या लवकर लागवडीचेही असू शकतात.

"युरिया वाढवला, माल वाढला, म्हणजे युरियानं वाढला" यात एक वाक्य गाळलेलं आहे: "बाकी सगळं दोन्ही साली सारखंच होतं." असं वाक्य शोधायचं असेल तर "म्हणजे" या शब्दावर थांबायचं आणि तिथपर्यंत पोचायला काय खरं असावं लागेल ते लिहायचं. मग ते उलटं करून बघायचं. बाकी सारखं नव्हतं असं धरलं तर निष्कर्ष उभा राहतो का? इथे राहत नाही. तेच ते लपलेलं गृहीतक.

आणि हे एकटं नाही. दुसरं गृहीतक असं की जेवढं टाकलं तेवढं पिकाला मिळालं. युरियात 46 टक्के नत्र (नायट्रोजन), म्हणजे 45 किलोच्या बॅगेत 20.7 किलो. कांद्याला हेक्टरी 100:50:50 किलो (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, आणि पालाश म्हणजे पोटॅश) धरलं तर एकरी 40 किलो नत्र होतं, म्हणजे दोनच बॅगा. परवाच्या साली दादांचा हिशेब बरोबर होता! चुनखडीच्या, आठच्या वर सामू (पीएच) असलेल्या जमिनीत ओलीवर युरिया नुसता फेकला की अमोनिया होऊन बराच हवेत जातो. वरून भरपूर पाणी सोडलं की उरलेलं नत्र खाली झिरपतं, आणि कांद्याची मुळं जेमतेम वीतभर खोल. शिवाय पिकाचं घोडं गंधकावर किंवा जस्तावर अडलं असेल, तर नत्राच्या आणखी चार बॅगांनीही ते हलत नाही.

तिसरं गृहीतक सगळ्यांत घातक वाटतं: काढणीचं वजन म्हणजेच उत्पन्न. नत्र अर्धं लागवडीला आणि उरलेलं तिसाव्या व पंचेचाळिसाव्या दिवशी द्यायचं, साठ दिवसांनंतर नाही. दादांची जादा बॅग सत्तराव्या दिवशी पडली होती. उशिरा दिलेल्या नत्रानं पात हिरवीच राहते, माना वेळेवर पडत नाहीत (पात आडवी होत नाही), मान जाड होते, जोडकांदा वाढतो. जाड मान नीट सुकत नाही, तिथूनच सड आत शिरते. एप्रिलात काट्यावर हे दिसत नाही. जुलै-ऑगस्टात साठवणीची कांदाचाळ उघडली की वास सांगतो.

पिवळ्या पिकाला युरिया दिला की आठवड्यात हिरवं होतं, हे मान्य. ते खोटं नाही.

पण उलट्या बाजूचे, म्हणजे रासायनिक खत नकोच म्हणणारेही तसेच. "रासायनिक खत बंद केलं, तरी पहिल्या वर्षी तेवढंच पिकलं, म्हणजे खत लागतच नव्हतं." इथे गाळलेलं वाक्य: "जमिनीत मागच्या वर्षांची शिल्लक नव्हती." स्फुरद जमिनीत वर्षानुवर्षं साठून राहतं. एका हंगामावरून काय कळणार? हे फॉरवर्ड करणारे आपलेच मित्र आहेत, म्हणून जास्त वाईट वाटतं.

दादांना दोष द्यावासा वाटत नाही. युरियाची बॅग 266 रुपये 50 पैशांना, नत्रासोबत स्फुरदही देणाऱ्या डीएपीची 1350 ला. हातात पैसा कमी असलेला माणूस कुठली उचलेल? पण त्यांना कुणीतरी एवढं सांगायला हवं होतं, की एकाच वावरात, एकाच दिवशी लावलेले दोन शेजारचे गुंठे आखा. बांधाकडेचे, झाडाखालचे किंवा उकिरड्याजवळचे नकोत. एकाला नेहमीचं, म्हणजे गुंठ्याला सव्वादोन किलोच्या आत युरिया, वर सांगितलेल्या तीन हप्त्यांत. दुसऱ्याला तेवढंच, वर सव्वा किलोच्या आत जादा. पाणी, फवारणी, खुरपणी सारखी. जमलं तर अशा जोड्या वावरात तीन ठिकाणी घ्या. काढणीच्या दहा-पंधरा दिवस आधी दोन्हींचं पाणी तोडा. माल वेगळा सुकवा, दीड इंच मान ठेवून कापा, गोण्यांना वेगळ्या रंगाची सुतळी बांधा. आधी वजन करा आणि चाळीत वेगळे ढीग लावा. ऑगस्टात सडका निवडून पुन्हा वजन करा, आणि मग जादा बॅगेचं ठरवा.