फॉर्म फिरवला की पीएचडी?

‘प्रश्नावलीचं मराठी भाषांतर करा, गुगल फॉर्म फिरवा, 300 उत्तरं एसपीएसएसमध्ये (सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाका. तीन वर्षांत मानसशास्त्राची पीएचडी, मग थेरपी सुरू!’ समाजमाध्यमांवर जोरात फिरणारा हा सल्ला मुद्देनिहाय तपासू.

आधी भाषांतर. दोघे स्वतंत्रपणे मराठी मसुदे करतात, दोन्हींतून एक ठरतो. मूळ प्रश्नावली न पाहिलेली व्यक्ती तो पुन्हा इंग्रजीत नेते, तज्ज्ञ ताडून पाहतात. मग थोड्या लोकांना एकेक विधान वाचायला देऊन ‘काय समजलं?’ असं विचारायचं. ‘मला शांत वाटत नाही’पुढे ‘कधीच नाही’ निवडताना लोक हमखास गोंधळतात. त्यातून उलट अर्थाच्या विधानांचे गुण उलटवायचे राहिले की अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) कोसळतो आणि खापर प्रश्नावलीवर फुटतं. परवान्याचंही बघावं लागतं: नैराश्य मोजणारी पीएचक्यू-9 प्रश्नावली मोफत आहे, बेकची नैराश्य मापनी नाही.

फॉर्म फिरवणं तर सर्वांत धोक्याचं. पीएचक्यू-9चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. निनावी फॉर्मवर कुणी ‘जवळजवळ रोज’ निवडलं, तर त्या माणसापर्यंत पोहोचणार कसं? अशा वेळी कोण, किती तासांत संपर्क साधणार हे नैतिकता समितीच्या अर्जातच लिहायला हवं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फॉर्मवर छापणं ही किमान गोष्ट झाली. सहभागी 18 वर्षांखालील असेल तर पालकांची संमती हवी, शिवाय मुलाचा होकारही.

300 हा आकडा कुठून आला देव जाणे. दोन गोष्टींतला 0.3 सहसंबंध (0 म्हणजे नातंच नाही, 1 म्हणजे पूर्ण नातं) 80 टक्के शक्तीने, म्हणजे तो खरंच असेल तर सापडण्याची 80 टक्के शक्यता ठेवून, पकडायला सुमारे 85 जण पुरतात, 0.1साठी मात्र 780च्या आसपास लागतात. 300 जणांत 0.12 सहसंबंधही ‘सार्थ’ (निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता कमी असलेला) निघतो, पण त्याने उलगडतो तो गुणांतल्या फरकाचा जेमतेम दीड टक्का. तेवढ्यावर प्रबंधात शिफारशींचं प्रकरण लिहिलं जातं!

तीन वर्षं ही यूजीसीच्या 2022च्या नियमांतली किमान मुदत. सर्वसाधारण कमाल सहा.

आणि थेरपी? पीएचडीत संशोधन तपासलं जातं, रुग्णासोबतचं काम नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंदणीला भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली पात्रता लागते, तिच्यात देखरेखीखालचं रुग्णकाम असतं. पाटीवर नुसतं ‘डॉ.’ दिसलं, तर नोंदणी क्रमांक जरूर विचारा.