पाणी ओसरतं, माणूस खंगतो: दांडियाबाजारच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

जोर कमी होण्याच्या इंग्रजी क्रियापदांवर मी लिहिलेला लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि जे पटलं नाही ते स्पष्ट कळवलंत, याबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगते. एक, ‘वीकन’ (weaken) हे क्रियापद माणसाला, संस्थेला, नात्याला लागतं, वादळाला नाही, असं मी लिहिलं होतं. ते चूक आहे, कारण हवामान खातंच वादळ ‘वीकन’ झालं म्हणतं. दोन, ‘अबेट’ (abate) या शब्दाचा अर्थ मी ‘जोर ओसरणे’ एवढाच दिला; तुम्ही तीस वर्षं कोर्टात नोकरी केलीत, आणि तिथे दावा अबेट होतो म्हणजे संपतो. तीन, हा सगळा शब्दांचा कीस आहे. आपण मराठीत सरळ ‘कमी झालं’ म्हणतो, आणि तुमच्या नातीला आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या क्लासमध्ये बारा समानार्थी शब्दांची यादी मिळाली आहे, तेवढी पुरे.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. ऑगस्ट २०२४ चा शेवटचा आठवडा आपण दोघांनीही इथेच, बडोद्यात काढला. विश्वामित्री नदी घराघरांत शिरली. ज्या प्रणालीने तो पाऊस पाडला, ती पुढे कच्छवरून अरबी समुद्रात उतरली आणि ३० ऑगस्टला तिचं ‘असना’ चक्रीवादळ झालं. मग दोनेक दिवसांत ते ‘वीकन’ होऊन पुन्हा डीप डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या खालच्या पायरीवरची प्रणाली झालं. हवामान खात्याच्या भाषेत या शब्दाला माप आहे. वाऱ्याचा वेग ताशी साधारण ६२ किलोमीटरच्या खाली आला की चक्रीवादळ एक पायरी उतरतं, आणि त्या उतरण्याचं नाव ‘वीकन’. रुपयाचंही तसंच. डॉलरसमोर रुपया ‘वीकन’ होतो, चंद्रासारखा ‘वेन’ (wane) होत नाही. जिथे ताकद आकड्यात मोजता येते तिथे ‘वीकन’ चपखल बसतं, हे माझ्या लेखात यायला हवं होतं.

पण त्याच आठवड्यातलं पाणी आठवा. नदी ‘वीकन’ झाली असं कुणीही लिहिणार नाही. पूर ‘सबसाइड’ (subside) होतो, पाणी ‘रिसीड’ (recede) होतं. गुजराती वर्तमानपत्रंही हा फरक पाळतात, वावाझोडुं नबळुं पड्युं आणि पूरनां पाणी ओसर्यां. ‘ओसरणं’ आपल्या दोन्ही भाषांत आहे, आणि पुराच्या पाण्याला दुसरं काही शोभतच नाही. ‘सबसाइड’च्या मुळात लॅटिनमधलं ‘खाली बसणं’ आहे. उसळलेलं काहीतरी पुन्हा आपल्या जागी बसतं. म्हणून पूर, सूज, राग, गोंगाट यांना ते लागतं. एखाद्या आजीच्या ताकदीला लागत नाही, कारण ताकद उसळलेली नव्हती, ती तिची रोजची होती.

‘अबेट’चंही तुमचं बरोबर आहे. वादी वारला आणि ९० दिवसांत वारस रेकॉर्डवर आणले नाहीत की दावा अबेट होतो, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २२ मधली ही गोष्ट तुम्ही माझ्याहून शंभरपट जाणता. शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, मूळ अर्थ ‘खाली पाडणे’. कायद्याने तो पाडून टाकण्यापर्यंत नेला, रोजच्या इंग्रजीने जोर उतरण्यावर थांबवला. वादळ अबेट झालं तरी पाऊस पडत असू शकतो. दावा अबेट झाला की तो पुढे चालत नाही. कचेरीतला शब्द आणि घरातला शब्द यांत असं अंतर पडतं, हे बडोद्याला नवीन नाही. १९३१ साली सयाजीराव महाराजांच्या राज्यात ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा आठ भाषांचा कोश निघाला, तो राज्यकारभाराच्या शब्दांसाठीच.

तिसरा आक्षेप मात्र मला मुळीच मान्य नाही, आणि या उत्तराचं खरं कारण तोच आहे.

आपण मराठीत ‘कमी झालं’ म्हणतो ते घाईत. एरवी ताप उतरतो, वेदना शमते, विहीर आटते, उत्साह मावळतो, फूल कोमेजतं, जमीन खचते, गिऱ्हाईक रोडावतं, माणूस खंगतो. ताप खंगला असं सहा वर्षांचं पोरही म्हणणार नाही. म्हणजे हा कीस आपण रोज काढतो, फक्त तो काढतोय हे जाणवत नाही. इंग्रजी लिहायला बसलं की हे सगळं शहाणपण दाराबाहेर ठेवून आपण आधी ‘कमी झालं’वर येतो, आणि मग त्या ‘कमी झालं’चं इंग्रजी शोधतो. चूक त्या पहिल्या पायरीवर होते.

मी हे इतक्या तळमळीने लिहिते, त्याला घरचं कारण आहे. माझी आई शेवटच्या वर्षी खंगत गेली. भाऊ परदेशात. मी त्याला इंग्रजीत मेल लिहायची, कारण त्याच्या बायकोलाही वाचता यावं. मी लिहिलं, ‘मदर हॅज वीकनेस’. आपल्याकडे ‘वीकनेस आलाय’ म्हणजे सलाईन लावा, टॉनिक द्या, आठवड्यात उठेल. भावाने तेच वाचलं आणि गोळ्या पाठवल्या. वहिनीला तर वाक्यच कळलं नाही, कारण इंग्रजीत ‘वीकनेस’ असणं म्हणजे स्वभावातला दोष, किंवा एखाद्या गोष्टीचा मोह. ‘शी इज फेलिंग’ (failing) एवढं लिहिलं असतं तर तो त्या आठवड्यात विमानात बसला असता. तो आला, पण उशिरा. माझ्या मनात मराठीत ‘खंगतेय’ हाच शब्द होता. तो मी लिहिताना सोडून दिला.

आता नातीच्या यादीकडे येते. मी ती पाहिलेली नाही, पण अशा याद्या माझ्याकडे शिकवणीला येणारी मुलं आणतात. त्यांत ‘वेन’, ‘एब’ (ebb), ‘फ्लॅग’ (flag), ‘सॅप’ (sap), ‘विदर’ (wither), ‘ड्विंडल’ (dwindle) एका ओळीत असतात. आयेल्ट्सच्या लेखनात शब्दसंपत्तीला एक चतुर्थांश गुण असतात हे खरं, पण तिथे शब्द नेमका वापरलाय का हेही पाहतात. ‘कारची विक्री विदर झाली’ असं लिहून गुण वाढत नाहीत. विदर होतं रोप, नाहीतर आशा. विक्री पडते, घटते. ‘ड्विंडल’ आपल्या ‘रोडावणं’च्या जवळचं: संख्या किंवा साठा थोडा थोडा होत जवळजवळ संपायला येतो. बडोद्यात मराठी माध्यमाच्या वर्गांचा पट जसा रोडावत गेला, तसं.

मराठी मुलांची सर्वांत जास्त गफलत होते ती दुसऱ्याच ठिकाणी. आपल्याकडे झिजणं आहे तसं झिजवणं आहे, थकणं आहे तसं थकवणं आहे. इंग्रजीत ‘वेन’, ‘एब’, ‘फ्लॅग’ या क्रियापदांना असं ‘वणं’ नाही. त्या गोष्टी आपणहून होतात. चंद्र वेन होतो, ओहोटीचं पाणी एब होतं, लांब चालून चाल फ्लॅग होते. ‘आजाराने तिला वेन केलं’ हे वाक्यच उभं राहत नाही. तिथे ‘सॅप’ हवं. हा शब्द मला फार आवडतो. किल्ल्याच्या भिंतीखाली चर खणून ती पाडायची, त्या खणण्याचं नाव सॅप. खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाच्या नावातला ‘सॅपर’ तोच. म्हणून आजाराने ताकद ‘सॅप’ केली म्हणजे आतून पोखरली. झाडाच्या रसालाही ‘सॅप’ म्हणतात, तो शब्द वेगळ्या मुळाचा, पण दोन्हींची छाया आता एकमेकांत मिसळली आहे. पोखरणं आणि रस शोषून घेणं, दोन्ही त्या एका शब्दात ऐकू येतं.

नातीला सांगा, यादी टाकू नकोस. फक्त प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे ‘कमी होणे’ खोडून खरा मराठी शब्द लिही, आणि पुढे ‘वणे’ लागतं की नाही तेवढी खूण कर. तासाभराचं काम आहे. अडलं तर मला पाठवा.

लेखात ‘वीकन’ आणि ‘अबेट’ची दुरुस्ती आज केली आहे.

प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘नजर अधू झालीये, टायपिंगच्या चुका असतील, सांभाळून घ्या. बघा, याला तरी वीकन म्हणाल ना?’ काका, तुम्हीसुद्धा ‘नजर कमी झाली’ लिहिलं नाहीत, ‘अधू’ लिहिलंत. ‘वीकन’ चालेल, पण इंग्रजी माणूस म्हणेल, ‘माय साइट इज फेलिंग’. आईच्या बाबतीत त्या शब्दाला जे वजन होतं ते इथे नाही, घाबरू नका. उतारवयात डोळ्यांबद्दल तो तिकडे सहज वापरतात.