आधी आंघोळ, मग तेल

ज्यांच्या घरात लहान बाळ आहे त्यांनी प्लीज वेळ काढून वाचा, गेल्या थंडीत आमच्या मुलीला दीड महिना कोरड्या कातडीचा जो त्रास झाला तो अगदी साध्या गोष्टीनं थांबण्यासारखा होता आणि ते आम्हाला फार उशिरा कळलं.

डिसेंबरमध्ये ती सात महिन्यांची होती. पुण्याची थंडी म्हणजे कोरडी थंडी, पहाटे शिवाजीनगरचा पारा 10 च्या आसपास, दुपारी कडक ऊन, मोठ्यांचे पण ओठ फुटतात. तिच्या नडग्या आधी पांढुरक्या दिसायला लागल्या, मग एक दिवस काळे पायमोजे काढले तर आतून सगळा पिठासारखा कोंडा. गाल लाल आणि खरखरीत झालेले, कडेवर घेतलं की माझ्या खांद्यावर गाल घासत राहायची, आणि रात्री झोपेत एका पायावर दुसरा पाय घासायची, तो खर्र खर्र आवाज मला अंधारात ऐकू यायचा.

आणि आमच्याकडे रोज काय चालू होतं? मालिशवाल्या मावशी येणार, अर्धा तास तेल जिरवणार, मग डाळीचं पीठ आणि साय लावून तेच तेल खसाखसा चोळून काढणार (लव जाते म्हणून), मग कढत पाण्याचे तांब्यावर तांबे, वर साबण, आणि पुसून झालं की पावडर. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मग अंगावर शिल्लक काय राहिलं? खरंच, तेल तर पिठाबरोबर मोरीत गेलेलं!

त्यांनी समजावलं ते असं, की बाळाच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा पातळ असतो, त्यातून पाणी पटकन उडून जातं, आणि ते धरून ठेवणारा जो नैसर्गिक स्निग्धपणा असतो नेमका तोच गरम पाणी, साबण आणि घासण्यानं निघून जातो. म्हणून आंघोळ पाच ते दहा मिनिटांतच आटपायची, पाणी कोपर बुडवून बघून कोमट, साबण सौम्य आणि बिनवासाचा, तो पण मान, काखा, जांघा एवढ्यापुरता. टॉवेलनं पुसायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत घट्ट क्रीम लावायचं. पातळ लोशनमध्ये पाणीच जास्त, त्यापेक्षा साधी बिनवासाची पेट्रोलियम जेली कितीतरी बरी आणि स्वस्त. बोटभर घेऊन पुरवून पुरवून लावू नका, हातपाय चकाकले पाहिजेत. संध्याकाळी परत एकदा. आणि डब्यात बोटं घालायची नाहीत, स्वच्छ चमच्यानं काढायचं. पावडर बंदच, ती नाकातोंडात जाते ते वेगळंच.

मालिश बंद करा असं मी म्हणत नाहीये हां. बाळाला ती आवडते. खोबरेल तेल चालतं, पण मोहरीचं आणि ऑलिव्ह ऑइल नको, त्यानं हा वरचा थर आणखी बिघडतो. फक्त पीठ लावून ते ओरबाडून काढू नका एवढंच. आणि लव आपोआप जाते.

सासूबाईंना पटायला वेळ लागला. "माझ्या तिन्ही मुलांना पीठच लावलं" म्हणाल्या, आणि त्यांनी ते मायेनंच केलं होतं, त्यावर वाद घालावा असं मला कधी वाटलं नाही. पण त्यांच्या गावच्या घरी विहिरीचं गोडं पाणी होतं, आणि आम्ही वाघोलीत टँकरचं जड पाणी वापरतो, साबण धड फेसाळत नाही आणि धुतला तरी चिकटपणा राहतो. हे त्यांनी स्वतःच्या हातावर बघितलं तेव्हा त्याच म्हणाल्या, बाळाला कशाला मग साबण. आता मावशी पण आधी आंघोळ घालतात आणि मग तेल-क्रीम लावतात. आत सुती झबलं, त्यावर स्वेटर, लोकर थेट अंगाला लागू देत नाही. आठ-दहा दिवसांत नडग्या मऊ झाल्या.

गाल मात्र राहिले, आणि इथे आमची मोठी चूक होता होता वाचली. शेजारणीनं सांगितलेली एक ट्यूब मेडिकलवाल्यानं चिठ्ठी न बघता दिली, घरी येऊन वाचलं तर स्टिरॉइड. 2018 मध्ये सरकारनं अशी बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये टाकलीत, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत, तरी सर्रास मिळतात. मनानं लावलं तर बाळाची पातळ कातडी आणखी पातळ होते. पण उलटंही तितकंच खरं, तिच्या गालांवर एक्झिमा (कातडी लाल, कोरडी होऊन खाज येणारा आजार) निघाला आणि डॉक्टरांनी हलकं स्टिरॉइड थोडे दिवस दिलं तेव्हा आम्ही घाबरून अर्धवट सोडलं नाही, सांगितलं तेवढे दिवस लावलं.

कातडीला चिरा पडून पाणी यायला लागलं, पिवळी खपली धरली, बारीक फोड आले, ताप आला, किंवा खाजेनं बाळ झोपतच नसेल तर घरगुती काही करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.