साडेसात टक्के आणि तात्यांचा टॉवेल

काल सकाळी ब्रश तोंडात असतानाच मोबाईल वाजला आणि आर्किटेक्टचं कोटेशन येऊन पडलं. चार पानी पीडीएफ. वर राखाडी रंगात फर्मचं नाव, त्याखाली राखाडी रंगात तारीख, आणि 'प्रति'च्या पुढे 'तात्या हळदवाले यांचे स्नेही'. बस्स. मला आईवडिलांनी ठेवलेलं एक नाव आहे. ते आधार कार्डावर आहे, वीजबिलावर आहे, सोसायटीच्या थकबाकीच्या यादीतसुद्धा एकदा झळकलं होतं. त्या ऑफिसच्या रजिस्टरात मी ते मोबाईल नंबरासकट स्वतःच्या हातानं लिहून आलो होतो. तरी मी तात्यांचा स्नेही! आणि हे तात्या कोण, हे मला गेल्या आठवड्यापर्यंत ठाऊकही नव्हतं.

सांगलीत कुपवाडच्या बाजूला आमचा दीड गुंठ्याचा प्लॉट बरीच वर्षं गाजरगवत पिकवतोय. यंदा तिथं घर बांधायचं ठरलं. आर्किटेक्ट किती घेतात, एवढंच मला कळून हवं होतं. पण हे विचारलं की भलेभले खालच्या आवाजात बोलायला लागतात. मेहुणा म्हणाला, फुटावर घेतात. ऑफिसातले एक जण म्हणाले, छे, टक्क्यावर. दुसरे म्हणाले, "माझ्याकडून एक पैसा घेतला नाही." ह्यांच्या घरी मी गेलेलो आहे. जिना चढताना सातव्या पायरीला मान डावीकडे कलती करावी लागते, कारण बीम आडवा येतो. घरच्यांना आता सवय झाली आहे, पाहुण्यांना टेंगूळ येतं.

त्यात आमच्या प्लॉटचं एक स्वतंत्र दुखणं आहे. 2020 च्या डिसेंबरात मुंबई सोडून बहुतेक राज्यासाठी एकत्रित बांधकाम नियमावली आली. तिच्यात 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर छोटं घर बांधायचं असेल तर कागद द्यायचे, पैसे भरायचे, मिळालेली पावती हीच परवानगी. आता दीड गुंठा म्हणजे 1633 चौरस फूट आणि वर थोडं. मीटरमध्ये 151.76. पावणेदोन मीटर जास्त! जेमतेम एक सिंगल कॉट मावेल एवढ्या जागेपायी आम्ही वरच्या इयत्तेत ढकलले गेलो. तेवढा तुकडा शेजाऱ्याला बक्षीसपत्रानं देऊन टाकावा असंही मनात आलं होतं. पण शेजाऱ्याचं कंपाउंड तसंही आमच्या बाजूला सरकलेलं आहे. जे घेतलंय ते बक्षीस कसं देणार?

तर आर्किटेक्टचं ऑफिस. बसायला रेल्वेच्या जुन्या स्लीपरचा बाक, पाठ टेकायची सोय नाही. भिंतींना प्लास्टर नाही, आणि ते मुद्दाम नाही. आमच्या वडिलांच्या घरालाही पैसे संपल्यामुळे कितीतरी वर्षं प्लास्टर नव्हतं, तेव्हा येणारे-जाणारे हळहळायचे. इथं लोक फोटो काढत होते.

बाकावर माझ्या शेजारी तात्या. पांढरा लेंगा, नेहरू शर्ट, खांद्यावर टॉवेल, आणि नखांच्या कडा कायमच्या पिवळ्या. मार्केट यार्डात हळदीची अडत. मी टेकतोय न टेकतोय तोच त्यांनी सुरुवात केली.

"पाव्हणं, तुमचं किती?"

"काय किती?"

"बांधकाम ओ."

मी सांगितलं, सोळाशे-सतराशे फूट होईल, अजून काहीच सुरू नाही. तात्यांनी माझ्याकडं फार कौतुकानं बघितलं. "म्हंजे तुम्ही आधी आलाय! आमचा स्लॅब पडलाय. आता जिना कुठनं न्यायाचा, त्ये इचारायला आलोय."

स्लॅबला जिन्याची जागा सोडायची राहून गेली होती. नकाशा मिस्त्रीच्या डोक्यात होता, आणि स्लॅबच्या दिवशी मिस्त्री भाच्याच्या लग्नाला गेला होता.

मला आत बोलावलं तेव्हा तात्याही उठले आणि माझ्या मागोमाग आत येऊन खुर्चीत बसले. मला वाटलं, ऑफिसचं त्यांच्याशी काही बोलणं झालं असेल. आर्किटेक्टला वाटलं, हे माझे कोणीतरी. हा गैरसमज पुढं कुणीच दूर केला नाही, आणि तात्यांना तर तो झालाय हेच ठाऊक नव्हतं.

आर्किटेक्ट तिशीतला, काळा टीशर्ट, बोलणं मऊ. त्यानं घरात कोण कोण, आईला जिना चढवतो का, देव्हारा कुठं हवा, सगळं विचारलं. मग ट्रेसिंग पेपरचा तुकडा फाडून माझ्या प्लॉटची चौकट काढली आणि मी मनात पूर्वेला धरलेला जिना उचलून पश्चिमेला नेऊन ठेवला. म्हणाला, "दुपारचं ऊन जिन्यानं खाऊ दे सर, बेडरूमनं कशाला?" खालच्या मजल्यावर आईसाठी एक खोली आपोआप मोकळी झाली. मला ते इतकं पटलं की पोटात गोळा आला. माणूस हुशार निघाला, म्हणजे आता आकडा मोठा असणार.

"फीचं कसं असतं?" मी विचारलं.

"सर, काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा स्केल आहे. स्वतंत्र घराला साडेसात टक्के. आम्ही तोच धरतो."

"कशाच्या साडेसात टक्के?"

"बांधकामाच्या खर्चाच्या."

"तो किती होईल?"

"ते डिझाइनवर आहे, सर."

"मग डिझाइन कधी मिळेल?"

"ॲडव्हान्स आला की लगेच."

मी गप्प बसलो. आपल्यासारखा मध्यमवर्गीय माणूस इथं गप्पच बसतो. 'विचार करून कळवतो' म्हणतो, बाहेर येतो आणि बायकोजवळ चिडतो. पण तात्या पुढं सरसावले.

"साडेसात? ओ इंजिनिअरसाहेब, आमची अडत एवढी न्हाई."

"मी आर्किटेक्ट आहे."

"त्येच की. आता सांगा, हमाली-तोलाई धरून का सोडून?"

आर्किटेक्टनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. थोडं थांबून तो म्हणाला, "डॉक्युमेंटेशनचे फीवर दहा टक्के वेगळे. आणि जीएसटी अठरा टक्के."

"सोडून!" तात्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "बघा पाव्हणं, सोडून हाय. आन् आरशीशी?"

आरसीसीसुद्धा सोडून होतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी निराळी, माती परीक्षण निराळं. साइटवर ठरलेल्या भेटींपेक्षा जास्त भेटी लागल्या तर त्याही निराळ्या. आणि साइटवर येणं म्हणजे रोज उभं राहून देखरेख नव्हे; त्याला माणूस ठेवायचा तर पगार आपण द्यायचा. हे सगळं मला विचारायचं होतं, त्यासाठी मी घरून कागदावर प्रश्न लिहून नेले होते. तात्यांनी ते हमाली-तोलाईच्या एका प्रश्नात उरकले. कागद माझ्या खिशात तसाच राहिला.

"मग कडता किती धरणार?"

कडता म्हणजे पोत्याचं वजन, ओल, कचरा, ह्यासाठी मालातून जी वजावट करतात ती. आर्किटेक्टला ते माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. तात्यांनी समजावलं, "ह्यास्नी थ्रीडी नको हाय. थ्रीडीचा कडता धरा."

मला थ्रीडी हवं होतं! थ्रीडी म्हणजे तयार घर कसं दिसेल त्याचं चित्र; आख्ख्या घरात बायकोला कळणार असलेला तो एकच कागद. मी तोंड उघडलं, पण तात्या तोवर पुढच्या मुद्द्यावर गेले होते. आणि तो मुद्दा, काय सांगू, लाख रुपयांचा होता.

"हे बघा साहेब. अडत्या टक्का घेतो. माल महाग इकला की टक्का वाढतो, म्हनून अडत्या शेतकऱ्याच्या बाजूनं वढतो. तुमचा टक्का घर महाग झालं की वाढणार. मग तुम्ही कुणाच्या बाजूनं वढणार?"

खोलीत शांतता पसरली. हाच विचार मी आठवडाभर मनात घोळवत होतो. फरशी साठ रुपये फुटाची की एकशे साठची, हे सांगणाऱ्या माणसाचे पैसेच फरशीच्या भावाबरोबर वाढत असतील, तर त्यानं साठची घ्या म्हणावं तरी का? पण मी तो विचार सभ्यपणे पोटात ठेवला होता. तात्यांनी तो टेबलावर ठेवला आणि श्रेयही घेतलं.

आर्किटेक्ट दुखावला. म्हणाला की असं कुणी करत नाही, नाव खराब होतं. मला ते खरंही वाटलं. पण त्याला पुढं बोलायला मिळालं नाही, कारण तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला होता.

जनावरांच्या बाजारात हा प्रकार अजून दिसतो. टॉवेलाखाली दोघांनी हात घालायचे, बोटं धरायची, दाबायची, सोडायची. अमुक बोटं म्हणजे अमुक आकडा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांतच राहतो. यार्डात आता उघडे लिलाव होतात, पण तात्यांचा हात जुन्या वळणाचा. त्यांनी पेन्सिल धरलेला आर्किटेक्टचा उजवा हात पेन्सिलीसकट पकडला आणि वर टॉवेल टाकला. "हे आन् मी. दोन घरं हायत. जोडीचा भाव बोला."

पहिल्यांदा त्या पोराच्या चेहऱ्यावर निव्वळ भीती दिसली. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात हे बहुधा शिकवत नसावेत. त्यानं हात ओढून बघितला, सुटेना. टॉवेलाच्या हळदीच्या डागाखाली काहीतरी वळवळलं. "नाही नाही, एवढं नाही परवडत," तो म्हणाला. म्हणजे त्याला आकडा कळला होता! कसा, कोण जाणे. तात्यांनी डोळे मिटले, पुन्हा काही दाबलं. ह्या वेळी तो नाही म्हणाला नाही. उलट टॉवेल त्याच्या बाजूनं किंचित उचलला गेला, म्हणजे आता तोही दाबत होता. पेन्सिल टक्कन मोडल्याचा आवाज आला. दोघं एकमेकांकडं बघून हसले आणि तात्यांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला.

"किती ठरलं?" मी विचारलं.

"सौदा झाल्यावर आकडा इचारू नये, पाव्हणं."

पण सौद्यात मीही होतो की!

तर त्या सौद्याचं हे कोटेशन. बांधकाम खर्च अंदाजे 40 लाख, त्यावर साडेसात टक्के म्हणजे 3 लाख. डॉक्युमेंटेशनचे 30 हजार. दोन्हींवर जीएसटी 59,400. एकूण 3,89,400 रुपये. खाली बारीक अक्षरात: प्रत्यक्ष खर्च वाढल्यास फी त्या प्रमाणात वाढेल. कमी झाल्यास काय, ते लिहिलेलं नाही. थ्रीडी व्ह्यू: लागू नाही. म्हणजे जोडीच्या भावातून माझ्या वाट्याला एवढंच आलं, की थ्रीडी गेलं आणि भाव तसाच राहिला.

मला राग तीन लाखांचा नाही. खरंच नाही. (थोडा आहे.) जिना पश्चिमेला नेण्याचे पैसे मी देईन. राग ह्याचा, की मी चार ठिकाणी दर विचारले आणि चार आकडे आले ते चार वेगळ्याच वस्तूंचे होते, आणि हे सांगायला कुणीही तयार नव्हतं. एक जण फक्त मंजुरीच्या नकाशाचे सांगतो. तो फाईलला लागतो, घर मिस्त्री त्याच्या मनानं बांधतो, आणि आमच्याकडची निम्मी घरं अशीच उभी आहेत. दुसरा त्यात वर्किंग ड्रॉइंग, म्हणजे मिस्त्रीनं बघून बांधायचे नकाशे, धरतो. तिसरा लाइट-प्लंबिंगचे कागद धरतो पण आरसीसी सोडतो. चौथा सगळं धरतो म्हणतो, आणि त्याच्या पाटीवर 'आर्किटेक्ट' नसून 'प्लॅनर ॲण्ड डिझायनर' असतं. 1972 च्या कायद्यानं 'आर्किटेक्ट' हे बिरुद नोंदणी असलेल्यांनाच लावता येतं. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की राखीव आहे ते बिरुद, काम नव्हे. म्हणजे त्या कायद्यापुरतं घर कुणीही आखावं, स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू नये. तात्यांचा मिस्त्री त्या कायद्यानं अगदी बरोबर होता. नुसता जिना राहिला.

भाजीवाली कोथिंबिरीच्या जुडीचा भाव ओरडून सांगते. न्हावी दाढीचा दर भिंतीवर लावतो. आणि जन्माची कमाई जिथं घालायची तिथं मात्र 'बसून बोलू'.

कोटेशनबरोबर ऑफिसनं एक व्हॉट्सॲप ग्रुपही काढला आहे, 'तात्या + 1' नावाचा. त्यातून नंबर घेतला आणि तात्यांना फोन लावला.

"तात्या, तुमचं कितीला ठरलं ते तेवढं सांगा. मला इकडं साडेसातच लावलेत."

"आता फोनवर बोटं कुठं धरू, पाव्हणं? यार्डात या, सांगतो."

"अहो, तोंडानं सांगा की!"

"तोंडानं सौदा फुटतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "येताना तुमच्या जिन्याचा कागुद तेवढा आणा. स्लॅब फोडायचं ठरलंय. त्या दिवशी साहेबानं तुम्हाला जो पश्चिमेचा जिना काढून दिला की न्हाई, मिस्त्री म्हंतोय, त्योच आमच्यात बसतोय."